डॉ. युंग यांचें चरित्र आणि मनाचा जमाखर्च

दिवाळीच्या पाडव्यास जुन्या वह्या मिटवून नव्या घालण्याची चाल आमच्या व्यापारीवर्गांत पूर्वापार आहे. येणें किती, देणें किती, बुडीत किती, हें वर्षांतून एकदां तरी डोळ्यांखालून घातल्यावांचून पेढी चालत नाहीं, हें कोणी पंडितानें येऊन सांगावें लागत नाहीं. परंतु पैपैचा हिशेब ठेवणारा हाच मनुष्य आपला राग कोठून येतो, अमक्याचा द्वेष आपण कां करितों, तमक्या गोष्टीचें भय आपणांस कां वाटतें, याची चौकशी जन्मांत एकदांहि करीत नाहीं. समाजाचे दोष चव्हाट्यावर मांडणारे वक्ते आणि लेखक या बाबतींत त्याच्याहून फारसे शहाणे असतात असेंहि नाहीं.

मनुष्यानें स्वतःस ओळखावें हा उपदेश नवा नाहीं. ग्रीस देशांतील डेल्फीच्या देवालयांत तो कोरलेला होता. साक्रेटिसानें त्यालाच आपलें जन्माचें व्रत केलें. आमच्या उपनिषदांनीं व संतांनीं तोच निरनिराळ्या शब्दांनीं सांगितला. परंतु उपदेश निराळा आणि त्याची रीत निराळी. ओळखावें तर कसें? तत्त्वज्ञान, पुराणकथा आणि मानसशास्त्र या तिहींची सांगड घालून ज्यांनीं या प्रश्नाचें उत्तर शोधिलें, आणि शोधतां शोधतां स्वतःहि ठेंच खाल्ली, त्या डॉ. कार्ल गुस्टाव युंग यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ रोजीं स्वित्झर्लंडमधील कॉन्स्टन्स सरोवराच्या कांठीं केसविल या खेड्यांत झाला. वडील पॉल युंग हे प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. मुलगा चार वर्षांचा असतां कुटुंब बाझल शहरालगतच्या एका गांवीं राहावयास गेलें. घरांत प्रार्थना होती, धर्मग्रंथ होते. पण वडिलांच्या श्रद्धेचा झरा आंतून आटत चालला होता. देव एक असून तीन कसा, हा धर्मपुस्तकांतील पाठ केव्हां येतो याची मुलगा मोठ्या उत्कंठेनें वाट पाहात होता. तो पाठ आला तेव्हां वडिलांनीं, आपणांसच यांतलें कांहीं कळत नाहीं, असें सांगून तो गाळला. मुलास वडिलांच्या प्रामाणिकपणाचें कौतुक वाटलें, पण त्याची निराशाहि झाली. स्वतःची शंका स्वतःशींहि बोलून न दाखवितां जन्मभर उपदेश करीत राहिलेला हा पुरुष १८९६ सालीं वारला. न विचारलेला प्रश्न मनुष्यास आंतून कसा पोखरतो, याचा पहिला धडा युंग यांस घरांतच मिळाला.

दुसरा धडा त्यांस स्वतःच्या शरीरानें दिला. बारा वर्षांचा असतां बाझलच्या मोठ्या देवळापुढील चौकांत एका मुलानें त्यास ढकललें व त्याचें डोकें दगडी कडेवर आपटलें. पडतां पडतांच त्याच्या मनांत येऊन गेलें कीं, आतां शाळेंत जावें लागणार नाहीं. तेव्हांपासून शाळेचें वा अभ्यासाचें नांव निघालें कीं त्यास मूर्च्छा येऊं लागली. सहा महिन्यांहून अधिक काळ तो घरीं राहिला. डॉक्टर झाले, एकानें अपस्माराची शंका घेतली. एके दिवशीं वडील एका स्नेह्यापाशीं बोलत होते तें त्याच्या कानांवर पडलें. जवळ होतें तें द्रव्य खर्चून गेलें, हा मुलगा पुढें पोट कसें भरणार, अशी त्या बापाची चिंता होती. मुलगा तडक उठला व लॅटिन व्याकरण घेऊन बसला. दहा मिनिटांत मूर्च्छा आली. सावरून तो पुन्हां बसला. दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, तरी तो उठला नाहीं. मग ती आली नाहीं, आणि कांहीं आठवड्यांनीं तो शाळेंत जाऊं लागला.

हा प्रसंग आम्हीं मुद्दाम विस्तारानें दिला आहे. तें दुखणें सोंग नव्हतें. मूर्च्छा खरी होती. परंतु त्या दुखण्यापासून मनाच्या एका कोपऱ्यास लाभ होत होता, आणि मुलास त्याचा पत्ता नव्हता. मनुष्य जगास फसविण्यापूर्वीं स्वतःस फसवितो, आणि तें कळून आलें म्हणजे अर्धें औषध झालें, हें पुढें सहस्रावधि रोग्यांच्या उपयोगीं पडलेलें ज्ञान या बारा वर्षांच्या पोरानें असें मिळविलें.

तरुणपणीं युंग यांनीं कांट, शोपेनहॉवर व नीत्शे या जर्मन तत्त्ववेत्त्यांचें मनापासून वाचन केलें. जग आपणांस दिसतें तें आपल्या बुद्धीच्या चौकटींतूनच दिसतें, हें ते कांटपासून शिकले. जगांतील दुःखाकडे डोळे उघडे ठेवून पाहाण्याचें धैर्य त्यांस शोपेनहॉवरमध्यें आढळलें. पण तत्त्वज्ञानानें पोट भरत नाहीं, म्हणून १८९५ सालीं ते बाझल विद्यापीठांत वैद्यक शिकूं लागले. अभ्यास संपत आला असतां क्राफ्ट-एबिंग यांचें मानसरोगांवरील पुस्तक त्यांच्या हातीं पडलें, आणि शरीर व मन या दोहोंचा संगम येथेंच आहे अशी त्यांची खात्री झाली. वेड्यांचा डॉक्टर होणें त्या काळीं हलकें समजत. सोबत्यांस आश्चर्य वाटलें. पण डिसेंबर १९०० मध्यें ते झुरिक येथील बुर्गहोल्झ्ली या वेड्यांच्या रुग्णालयांत प्रोफेसर ब्लॉयलर यांच्या हाताखालीं रुजू झाले.

तेथें त्यांनीं जी गोष्ट केली ती आज साधी वाटते, पण तेव्हां नवी होती. रोगी बडबडतो काय, हें त्यांनीं लक्ष देऊन ऐकिलें. एक वृद्ध स्त्री कित्येक दशकें त्या रुग्णालयांत पडून होती. ती बोलत नसे. फक्त हातांनीं एक ठराविक हालचाल करीत राही. एका जुन्या परिचारिकेच्या बोलण्यावरून ती हालचाल जोडे शिवण्याची असावी असें युंग यांस कळलें. ती स्त्री वारल्यावर तिचा भाऊ अंत्यविधीस आला, तेव्हां उलगडा झाला. तरुणपणीं जोडे शिवणाऱ्या एका कारागिरावर तिचें प्रेम होतें; त्यानें लग्नास नकार दिला, आणि तिचें चित्त कायमचें भ्रमलें. सर्वांनीं निरर्थक म्हणून सोडून दिलेल्या त्या हातवाऱ्यांत एका जन्माची कहाणी होती. वेड्याच्या वेडांतहि अर्थ असतो, मग शहाण्याच्या विक्षिप्तपणांत तो नसेल काय?

याच काळांत युंग यांनीं शब्दांची परीक्षा नांवारूपास आणिली. शंभर शब्दांची यादी घ्यावयाची, एकेक शब्द उच्चारावयाचा, ऐकणाऱ्यानें मनांत येईल तो पहिला शब्द बोलावयाचा, आणि मध्यें लागलेला वेळ सेकंदाचा पंचमांश दाखविणाऱ्या घड्याळानें मोजावयाचा. बहुतेक उत्तरें चटकन् येतात. पण कांहीं शब्दांपाशीं मनुष्य अडखळतो, लाजतो, हंसतो, किंवा ऐकूं आलें नाहीं म्हणतो. तेथें आंत कांहीं तरी दुखतें आहे. दडपलेल्या भावनेभोंवतीं जमलेल्या या गांठीस युंग यांनीं जें नांव रूढ केलें, त्यास मराठींत गंड म्हणतात. एका रुग्णालयांत चोरी झाली व तीन परिचारिकांवर संशय आला, तेव्हां याच रीतीनें त्यांनीं एकीवर बोट ठेविलें, आणि तिनें त्याच दिवशीं कबुली दिली. दुकानांत गिऱ्हाइकानें एखादा शब्द उच्चारतांच ज्याचें माथें अकारण भडकतें, त्यानें त्या गिऱ्हाइकाशीं भांडण्यापूर्वीं तो शब्द आपणांस कां झोंबला हें पाहावें, एवढा बोध यांतून घेतां येईल.

१९०३ सालीं शाफहाउझेन येथील श्रीमंत घड्याळ-कारखानदार कुळांतील एम्मा राउशेनबाख यांच्याशीं युंग यांचा विवाह झाला. त्यांस पांच अपत्यें झालीं, आणि पुढें झुरिक सरोवराच्या कांठीं क्यूस्नाख्त येथें त्यांनीं घर बांधिलें. पत्नीच्या संपत्तीमुळें युंग यांस संशोधनास मोकळीक मिळाली, हें त्यांचे चरित्रकार कित्येकदां विसरतात. आम्हांस तें विसरावेंसें वाटत नाहीं.

मार्च १९०७ मध्यें व्हिएन्ना येथें युंग यांची डॉ. सिग्मंड फ्रॉइड यांच्याशीं भेट झाली. पहिल्याच बैठकींत दोघे तेरा तास बोलत होते असें युंग सांगत. फ्रॉइड पन्नाशीचे, युंग एकतिशीचे. नातें बापलेकाचें झालें. १९०९ सालीं दोघे अमेरिकेंतील क्लार्क विद्यापीठांत व्याख्यानांस गेले, आणि १९१० सालीं आंतरराष्ट्रीय मनोविश्लेषण संस्थेचें पहिलें अध्यक्षपद फ्रॉइड यांनीं युंग यांस देवविलें. परंतु त्याच अमेरिकेच्या प्रवासांत बिघाडाचें बीं पडलें. दोघे एकमेकांच्या स्वप्नांचा अर्थ लावीत असत. एकदां फ्रॉइड यांनीं आपल्या खासगी आयुष्याविषयीं अधिक सांगण्याचें नाकारिलें. सांगितलें तर अधिकार गमवावा लागेल, हें त्यांचें कारण. युंग यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे कीं, त्या क्षणींच तो अधिकार त्यांच्या दृष्टीनें संपला. दुसऱ्याचें मन उघडून पाहाणाऱ्यास स्वतःचें मन झांकून ठेवण्याची सवलत नाहीं, हें तत्त्व येथें दिसतें. तें युंग यांसहि लागू पडतें, हें पुढें येईलच.

त्याच सुमारास युंग यांस एक स्वप्न पडलें. घर आपलेंच, पण अनोळखी. वरचा मजला जुन्या डौलदार सामानानें सजलेला. तळमजला त्याहून कित्येक शतकें जुना. त्याखालीं रोमन काळच्या भिंतींचें तळघर. आणि त्याच्याहि खालीं खडकांत खोदलेली गुहा, तींत हाडें व दोन कवट्या. फ्रॉइड यांस त्या कवट्यांत कोणाच्या तरी मरणाची इच्छा दिसली. युंग यांस त्या घरांत मनुष्याचें मनच दिसलें. आपण वावरतों तो वरचा मजला. खालीं आपल्या आयुष्यांतील विसरलेल्या गोष्टी. आणि सर्वांच्या तळाशीं साऱ्या मानवजातीचा सामायिक पाया. निरनिराळ्या देशांच्या पुराणांत सारख्याच कथा कां आढळतात, याचें उत्तर युंग यांनीं त्या तळाशीं शोधिलें, आणि तेथील सांच्यांस पुढें आदिबंध म्हटलें. १९११–१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं हें मत मांडिलें. त्यांत ग्रीक, ईजिप्शियन व वैदिक कथांचे दाखले पानोपानीं आहेत. फ्रॉइड यांस हें रुचलें नाहीं. १९१३ सालीं स्नेह तुटला, आणि १९१४ सालीं युंग यांनीं अध्यक्षपद सोडलें.

येथून त्यांच्या आयुष्यांतील खडतर काळ सुरू झाला. दुसऱ्यांच्या पुराणकथांचा अर्थ आपण सांगितला, पण आपण स्वतः कोणत्या कथेवर जगतों आहों, हा प्रश्न त्यांनीं स्वतःस विचारिला, आणि उत्तर सांपडेना. वडिलांचा धर्म त्यांचा उरला नव्हता. नवा कांहीं हातीं लागला नव्हता. मग त्यांनीं स्वतःवरच प्रयोग आरंभिला. मनांत उठणारीं चित्रें दडपावयाचीं नाहींत. त्यांस सामोरें जावयाचें, त्यांच्याशीं बोलावयाचें, आणि सर्व लिहून ठेवावयाचें. डिसेंबर १९१३ मध्यें त्यांनीं स्वप्नांत जर्मन पुराणांतील वीर सीगफ्रीड यास बंदुकीनें मारिलें, आणि ते जागे झाले. अर्थ लावतां लावतां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या इच्छेपुढें जगानें वांकावें असें म्हणणारा तो वीर आपल्याच आंत बसला होता, आणि त्याला जावयास हवें होतें. या अनुभवांची त्यांनीं सुंदर अक्षरांत व रंगीत चित्रांनीं सजविलेली तांबड्या कातड्याच्या बांधणीची वही केली. ती त्यांच्या हयातींत प्रसिद्ध झाली नाहीं. २००९ सालीं ती जगापुढें आली.

या खोल पाण्यांत ते बुडाले कसे नाहींत? त्यांचें उत्तर गृहस्थाश्रमी वाचकांस आवडेल. आपण डॉक्टर आहों, आपणांस बायको व पांच मुलें आहेत, रोगी दारांत वाट पाहात आहेत, याची आठवण ते रोज स्वतःस करून देत. नीत्शेस अशी जमीन पायाखालीं नव्हती म्हणून तो गेला, असें त्यांचें मत होतें. म्हणजे आत्मशोधनासाठीं प्रपंच सोडावा लागत नाहीं. उलट प्रपंच हाच त्या विहिरींत उतरणाऱ्याच्या कमरेचा दोर आहे.

या तपश्चर्येचें फळ म्हणून १९२१ सालीं मनुष्यस्वभावाच्या प्रकारांवरील त्यांचा मोठा ग्रंथ निघाला. कोणी बहिर्मुख, कोणी अंतर्मुख. कोणी विचारानें चालतो, कोणी भावनेनें, कोणी इंद्रियांच्या साक्षीनें, कोणी आंतल्या चाहुलीनें. या ग्रंथांत विरोधी द्वंद्वांच्या मेळाविषयीं बोलतांना त्यांनीं ब्रह्म व आत्मन् या आमच्या कल्पनांचाहि विचार केला आहे. पण सामान्य मनुष्याच्या कामाच्या त्यांच्या कल्पना दोन: मुखवटा आणि छाया. चारचौघांत वावरण्यासाठीं आपण जो चेहरा लावितों तो मुखवटा. शेटजी, वकीलसाहेब, गुरुजी, पुढारी हे सारे मुखवटे. ते लावणें वाईट नाहीं. घरीं येऊनहि न उतरविणें वाईट. आणि आपल्यांतील जें आपणांस मान्य नाहीं तें आपण मागें ढकलितों. ती आपली छाया. ही छाया आपणांस स्वतःच्या ठिकाणीं दिसत नाहीं, शेजाऱ्याच्या अंगावर मात्र लख्ख दिसते. आपला लोभ परजातीच्या व्यापाऱ्यांत दिसतो, आपली वासना परस्त्रीच्या चारित्र्यांत दिसते, आपली अस्वच्छता दुसऱ्याच्या वस्तींत दिसते.

आतां जें सांगावयाचें तें कटु असलें तरी टाळतां येत नाहीं. छायेचें हें शास्त्र सांगणाऱ्यास स्वतःची छाया सदा दिसली असें नाहीं. टोनी वोल्फ या पूर्वीं त्यांच्या रोगी असलेल्या विदुषीशीं त्यांचे दीर्घकाळ निकट संबंध होते. पत्नीस तें ठाऊक होतें आणि तिनें तें सोसलें. ज्या पुरुषानें स्त्रीच्या मनाविषयीं एवढें लिहिलें, त्यानें आपल्या घरांतील स्त्रीवर किती भार टाकिला, हें विसरून त्याचें चरित्र सांगणें म्हणजे स्तोत्र गाणें होय. एम्मा युंग या स्वतः मनोविश्लेषक झाल्या व पवित्र पात्राच्या युरोपीय आख्यायिकेवर त्यांनीं संशोधन केलें, ही त्यांची थोरवी. आफ्रिकेंतील व इतर देशांतील लोकांस युंग जेथें तेथें आदिम म्हणत, त्यांतहि युरोपीय अहंकाराची छटा होती.

याहून गंभीर गोष्ट जर्मनीची. १९३३ सालीं हिटलर सत्तेवर आल्यावर, मुख्यतः जर्मनींत वसलेल्या मानसोपचारकांच्या संस्थेचें अध्यक्षपद युंग यांनीं पत्करिलें. संस्थेच्या नियतकालिकांत नाझी मताचा मजकूर आला. तो आपल्या नकळत आला असें युंग यांचें म्हणणें. ज्यू डॉक्टरांस जर्मन शाखेबाहेर राहून स्वतंत्र सभासद होतां यावें अशी तरतूद त्यांनीं केली, हें खरें. परंतु १९३४ सालीं त्यांनीं स्वतःच ज्यू व जर्मन मनांतील भेदाविषयीं लिहिलें, आणि तें लिहिण्यास याहून वाईट वेळ नव्हती. १९३६ सालीं त्यांनीं वोटान या प्राचीन जर्मन देवाची कथा पुढें ठेवून, सारें राष्ट्र एखाद्या संचारानें कसें झपाटलें जातें हें दाखविलें. पण तोंपर्यंत पुष्कळ उशीर झाला होता. युद्धानंतर ज्यू धर्मगुरु लिओ बेक त्यांस भेटले, तेव्हां आपला पाय घसरला अशी कबुली युंग यांनीं दिली, असें नमूद आहे. एवढ्या अधिकारी पुरुषाची ही गत, तर आपल्या निःपक्षपातीपणाविषयीं आपण किती सावध असावें!

हिंदुस्थानाशीं त्यांचा संबंध ग्रंथांपुरता नव्हता. १९३२ सालीं त्यांनीं झुरिक येथें कुंडलिनी योगावर व्याख्यानें दिलीं. भारतीय विज्ञान परिषदेच्या रौप्यमहोत्सवानिमित्त ते १९३७ च्या अखेरीस इकडे आले. मुंबई त्यांनीं पाहिली, सांची पाहून ते भारावले, आणि अलाहाबाद, बनारस व कलकत्ता या तीन विद्यापीठांनीं त्यांस सन्मान्य पदव्या दिल्या. कलकत्त्यांत आमांशानें ते दहा दिवस रुग्णालयांत होते. साधुपुरुषांची भेट मात्र त्यांनीं मुद्दाम टाळिली. दुसऱ्यानें मिळविलेलें सत्य उसनें घेऊन आपलें घर चालावयाचें नाहीं, असें त्यांस वाटे. युरोपीयांनीं योगाची नक्कल करूं नये, हा त्यांचा इशारा याच जातीचा आहे. या वृत्तींत नम्रता किती व भय किती, याविषयीं मतभेद होईल; पण उसन्या ज्ञानाविषयींचा त्यांचा इशारा विचार करण्याजोगा आहे.

१९४४ सालीं हृदयविकारानें ते मरणाच्या दारीं जाऊन आले. १९५५ सालीं पत्नी वारली. १९५७ पासून त्यांनीं आठवणी सांगावयास आरंभ केला, आणि ६ जून १९६१ रोजीं क्यूस्नाख्त येथें, वयाच्या ८५ व्या वर्षीं, त्यांचें देहावसान झालें. वर दिलेल्या बाळपणाच्या गोष्टी त्या आठवणींतल्याच आहेत. वृद्धानें स्वतःविषयीं सांगितलेल्या गोष्टी म्हणूनच त्या वाचाव्या. त्यांच्या सिद्धांतांपैकीं बहिर्मुख–अंतर्मुख हा भेद प्रयोगनिष्ठ मानसशास्त्रानें सुधारून ठेवून घेतला आहे. मानवजातीच्या सामायिक नेणिवेची कल्पना मात्र तशी सिद्ध झालेली नाहीं. तेव्हां युंग यांस नवा गुरु करून त्यांची पोथी पुजणें हें त्यांच्याच शिकवणीच्या उलट होईल.

मग घ्यावें काय? आमच्याकडे पुराणांविषयीं दोनच पक्ष दिसतात. एकास तीं अक्षरशः घडलेला इतिहास वाटतात, दुसऱ्यास निव्वळ भाकडकथा. युंग यांचें चरित्र तिसरी वाट दाखवितें. कथा घडली कीं नाहीं हें इतिहासकारानें पाहावें. ती आपल्या घरांत आज घडत आहे काय, हें वाचकानें पाहावें. सत्तरी उलटली तरी तिजोरीच्या किल्ल्या न सोडणारा व मुलाचें तारुण्य आपल्या सेवेंत जिरविणारा बाप ययाति नव्हे काय? लबाड मुलाच्या हातीं पेढी देऊन डोळे मिटणारा धृतराष्ट्र आमच्या बाजारपेठेंत नाहीं काय? परंतु त्याच पुराणांतील वचनें पुढें करून जो जातीचा उच्चनीचभाव टिकवूं पाहातो, किंवा सुनेचा छळ योग्य ठरवितो, तो त्या आरशांत आपलें तोंड पाहात नाहीं; तो आरसा दुसऱ्याच्या डोक्यांत घालतो.

तत्त्वज्ञान प्रश्न विचारावयास शिकवितें, पुराणकथा त्या प्रश्नास चेहरा देते, आणि मानसशास्त्र तो चेहरा आपलाच आहे हें दाखवितें. तिन्हींचा उपयोग एकच: ज्या मनुष्याविषयीं, ज्या जातीविषयीं, ज्या धर्माविषयीं आपणांस सर्वांत अधिक तिटकारा वाटतो, त्याच्याविषयीं पुढचा शब्द उच्चारण्यापूर्वीं क्षणभर थांबावें, आणि यांत त्याचा दोष किती व आपला किती हें प्रामाणिकपणें मांडून पाहावें. ज्या समाजांतील थोडे तरी लोक हा हिशेब ठेवूं लागतील, तेथें सुधारणेच्या कामास निम्म्याहून कमी व्याख्यानें लागतील.